आधी पानं मोजा, मग पत्रावळी मागवा: कमी कचऱ्याचं लग्न कसं ठरवायचं

घरातल्या आणि ओळखीतल्या लग्नांत गेली काही वर्षं माझ्याकडे ‘कचऱ्याचं तेवढं मावशी बघेल’ हे खातं आलेलं आहे. बहुतेक लग्नांत एकच चूक दिसते: काम शेवटाकडून सुरू होतं. सुपारीच्या प्लेट मागवल्या जातात, बियांच्या पत्रिका छापल्या जातात, दाराशी वाटायला दोनशे रोपं येतात. कार्यालय, केटरर आणि डेकोरेटर या तिघांना विसार मात्र दोन महिन्यांपूर्वीच गेलेला असतो, तोही एकही अट न घालता. मग ऐन सकाळी टेम्पोतून पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरतात आणि केटरर म्हणतो, “पॅकेजमध्येच आहे ना हे, ताई.”

म्हणून खालचा क्रम पाळा. उदाहरणासाठी मध्यम शहरातलं, कार्यालयातलं, ५०० पानांचं लग्न धरलं आहे. मधेमधे ‘सावधान’ लिहिलंय तिथे अक्षता टाकू नका, थांबून वाचा.

## १. आकडा (चार महिने आधी)

दोन्ही घरांची यादी एकाच वहीत, घरवार लिहा. प्रत्येक घरापुढे तीन रकाने: बोलावणं किती जणांना, येतील किती, आणि कोणत्या कार्यक्रमाला. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापून आकडा देवावर सोडायची आपली सवय आहे. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मोजायची असतात जेवणं. माणसं मोजून भागत नाही. लग्नाचं जेवण ५००, आदल्या रात्रीचं १५०, सकाळचा नाश्ता २००. म्हणजे ८५० वेळा ताट, ८५० वेळा पेला, ८५० वेळा पाणी. वेगळं रिसेप्शन ठेवलंत की त्यात आणखी तीनेकशे.

एक अख्खा कार्यक्रम गाळला तर जेवढं वाचतं, तेवढं पुढच्या कुठल्याच उपायाने वाचत नाही. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळऐवजी लग्नाच्या सकाळी उरकता येतं. हळद घरच्या अंगणात, चाळीस माणसांत होते. रिसेप्शन हवंच असेल तर लग्नाच्या जेवणाला फक्त घरची मंडळी ठेवा आणि बाकीच्यांना रिसेप्शनलाच बोलवा. दोन्हीकडे तेच लोक दोनदा जेवू नयेत, एवढं पाहा.

तपासा: वहीतला आकडा दोन्हीकडच्या आईवडिलांनी वाचून मान्य केलाय का? यादीवरचं भांडण आत्ताच होऊ द्या. पंधरा दिवस आधी झालं तर दोनशे पानं वाढूनच मिटतं.

## २. वेळ आणि कार्यालय

थंडीतला, सकाळचा मुहूर्त आणि दुपारचं जेवण. पर्याय असेल तर हेच धरा. रोषणाई लागत नाही, जनरेटर दिवसभर धडधडत नाही, अन्न टिकतं. गोरज मुहूर्त फोटोंना छान असतो, पण दिवे आणि माळा त्याच्याबरोबर येतात. मे महिन्यात लग्न करायचं तर कूलर, टँकर आणि दोन तासांत आंबणारी कोशिंबीर गृहीत धरा.

कार्यालय बहुसंख्य पाहुण्यांच्या जवळचं आणि एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावरचं असावं. डोंगरातल्या ‘निसर्गरम्य’ रिसॉर्टवर शंभर गाड्या चढवून केलेल्या लग्नाला मी तरी पर्यावरणपूरक म्हणणार नाही, मग तिथे मातीचे कुल्हड असले तरी.

विसार देण्याआधी हे विचारा:

- केटरर आणि डेकोरेटर बाहेरचा चालतो का, की त्यांचाच घ्यावा लागतो?
- भांडी घासायला जागा आहे का? पाणी नळाचं, बोअरचं की टँकरचं?
- कार्यालयाची स्वतःची स्टीलची ताटं, वाट्या, पेले किती?
- ओला कचरा कुठे जातो? मागे खताचा खड्डा किंवा बायोगॅस आहे का?
- जनरेटर वीज गेल्यावर लावतात, की कार्यक्रमभर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘आमचाच घ्यावा लागेल’ असं आलं तर तिथेच त्या केटररला बोलावून घ्या. त्याच्याशी बोलणी होईपर्यंत पैसे देऊ नका.

सावधान: सोसायटीचं मैदान, शेत, शाळेचं पटांगण अशा परवाना नसलेल्या जागी शंभरहून जास्त माणसं जमवणार असाल, तर २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत आयोजकावर दोन जबाबदाऱ्या टाकल्या होत्या: नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवणं, आणि कचरा वेगवेगळा करून त्यांच्या माणसाच्या हाती देणं. हे पत्र देऊन टाका. पत्र दिलं की घंटागाडी लग्नाच्या संध्याकाळी बोलावता येते, हाही फायदा.

## ३. केटररशी बोलणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लग्नातला जड, ओला, वास मारणारा कचरा म्हणजे उष्टं आणि उरलेलं अन्न, आणि ते किती होणार हे इथेच ठरतं.

पदार्थ कमी करा. ताटात जितके पदार्थ तितके चाखून सोडलेले घास. वरण-भात, मसालेभात, पुरी, दोन भाज्या, कोशिंबीर, चटणी, एक गोड, मठ्ठा. एवढ्यात पाहुणा तृप्त होतो. दोन गोड ठेवले की लोक दोन्ही घेतात आणि दोन्ही अर्धे टाकतात. पाणीपुरी, चायनीज, पास्त्याचे स्टॉल लावले तर माणूस तिथेच पोट भरतो आणि मग रीत म्हणून मुख्य जेवणाचं ताटही भरून घेतो.

हमीचा आकडा खाली आणा. केटरर किमान पानांची हमी मागतो. यादीवरून ४५० येतील असं वाटत असताना आपण भीतीने ५०० ची हमी देतो, तो स्वतःच्या भीतीने ५५० चं रांधतो. हमी ४२५ ची द्या आणि वरची पानं प्रत्यक्ष मोजून, ठरलेल्या दराने देण्याचं कबूल करा. त्याचं नुकसान होत नाही म्हणून तो सहसा ऐकतो.

एकदम रांधू नका. पुऱ्या पंगत बसल्यावर तळायच्या. भात दोन घाण्यांत, दुसरा अर्धी गर्दी जेवून झाल्यावर, उरलेली डोकी मोजून. चिरलेली भाजी आणि कोरडा शिधा उरला तर परत जातो. शिजलेलं पातेलं परत जात नाही.

पंगत की बुफे? पंगतीत उष्टं कमी पडतं, पण वाढप्यांना आधी सांगितलं असेल तरच: अर्धं वाढा, पुन्हा फिरा, आग्रह नको. आग्रह करणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. त्यांना पंगतीपासून दूर, स्वागताला उभं करा. बुफेत लोक पुन्हा रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून पहिल्याच वेळी डोंगर रचतात. त्यावर उपाय म्हणजे ताट लहान आणि पुरी-भाताची टेबलं दोन ठिकाणी.

हे सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. कलमं साधी असू द्या: हमीचा आकडा, जादा पानाचा दर, ताट-वाटी-पेला कशाचा, बाटलीबंद पाणी नाही, थर्माकोल आणि प्लास्टिक नाही, उष्टं वेगळ्या पिंपात, उरलेलं अन्न कोणाच्या ताब्यात.

सावधान: तोंडी ‘हो’वर जाऊ नका. भाचीच्या लग्नात मी तशा ‘हो’वर गेले होते. केटररने ‘पत्रावळीच देतो’ म्हटलं आणि आणल्या त्या चंदेरी, कागदावर प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेल्या. त्याच्या हिशेबात त्याही पत्रावळीच होत्या, आणि कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं.

## ४. ताट कशाचं?

याचं उत्तर पाणी ठरवतं. कार्यालयात पाणी मुबलक असेल तर स्टील. दुसरा विचारच करू नका, भाड्याचं स्टील शेकडो लग्नं काढतं. गावात देवस्थान, तरुण मंडळ किंवा बचत गटाकडे भांड्यांचा संच असतो, शहरात मांडव-भांडीवाल्याकडे. ५०० पानांना ताटं ३०० पुरतात, कारण सगळे एका वेळी बसत नाहीत. मात्र घासणारी माणसं चार हवीत आणि त्यांची मजुरी तुमच्या हिशेबात हवी.

पाणी टँकरचं असेल तर पान किंवा पत्रावळ. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यावर आठशे ताटं घासणं योग्य नाही. कोकणात केळीचं पान सहज मिळतं, विदर्भात पळसाच्या, काड्यांनी टाचलेल्या पत्रावळी आणि द्रोण. सुपारीच्या झावळीच्या बुडापासून दाबून केलेल्या प्लेट मजबूत असतात, पण महाग पडतात. बुफेत उभ्याने खायचं असेल तरच त्या घ्या. खाली बसून जेवणाऱ्या पंगतीला पळस किंवा केळ पुरेल.

ऑर्डर देण्याआधी दहा नग नमुना मागवा आणि घरी तीन गोष्टी करून बघा:

1. फाडा. फाटताना कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा लांबला तर ते प्लास्टिक.
2. गरम वरण ओतून पंधरा मिनिटं ठेवा. गळलं तर पंगतीतही गळणार.
3. कोपरा जाळा. पानाची राख होते. वितळून काळा मणी झाला आणि प्लास्टिकचा वास आला तर परत पाठवा.

‘कंपोस्टेबल’ (कुजून खत होणारे) म्हणून विकले जाणारे चमचे-पेले वेगळं प्रकरण आहे. त्यांवर आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाचा उल्लेख आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. ते असलं तरी असा माल औद्योगिक खतप्रकल्पाच्या उष्णतेत कुजतो, कार्यालयामागच्या खड्ड्यात तसाच पडून राहतो. वरणभात हाताने खाता येतो. चमचे गोडापुरते, स्टीलचे मागवा.

थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि प्लास्टिकचे पेले-चमचे महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे. केटरर ‘सगळेच वापरतात’ म्हणाला तर हा आकडा सांगा, ‘पर्यावरण’ या शब्दापेक्षा लवकर कळतो.

## ५. पाणी

छोट्या बाटल्या ठेवल्या तर माणूस दोन घोट पिऊन बाटली विसरतो आणि दुसरी उघडतो. ८५० जेवणांना माणशी दोन धरल्या तरी १,७०० बाटल्या झाल्या. त्याऐवजी थंडीत माणशी लिटरभर, उन्हाळ्यात दीड लिटर धरा. लग्नाच्या ५०० पानांना थंडीत २० लिटरचे २५ जार लागतात, उन्हाळ्यात ३८.

फसतं ते मांडणीत. जार स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात उभे करतात, तिथे पेले नसतात, मग कुणीतरी ‘म्हाताऱ्यांसाठी तरी बाटल्या आणा’ म्हणतं आणि खोका फुटतो. पाण्याच्या जागा चार करा: दारात, मांडवात, जेवणाजवळ, मुलांच्या खेळण्याच्या जागेशी. पंगतीत जग घेऊन दोन मुलं फक्त पाण्यासाठी फिरवा. कागदी कपांना आतून प्लास्टिकचा थर असतो, म्हणून चहालाही स्टीलचे किंवा काचेचे पेले.

## ६. मांडव आणि फुलं

डेकोरेटरला ‘इको-फ्रेंडली थीम’ मागू नका. तो तुमच्यासाठी ज्यूटचं नवं कापड विकत आणेल आणि दुसऱ्या दिवशी फेकेल. विचारायचं एवढंच: “गोदामात आत्ता काय आहे?” वापरलेले पडदे, समया, पितळी घंगाळी, बांबू यांतून निवडा. गोदामातली कापडी फुलंसुद्धा चालतील. ती आधीच बनलेली आहेत, तुमच्यासाठी नवीन घेतली नाहीत म्हणजे झालं.

ताजी फुलं मोसमातली आणि जवळची: झेंडू, शेवंती, आंब्याचे टाळे, केळीचे खुंट, नारळाच्या झावळ्या. ओवायला सुती दोरा, बांधायला सुतळी. फुलं रचायला वापरतात तो हिरवा स्पंज प्लास्टिकचाच प्रकार आहे, हाताने चुरला की त्याची भुकटी पाण्यात आणि मातीत जाते. त्याऐवजी पाणी भरलेली पितळी भांडी वापरा. तार, टाचण्या, चमकी रिबिन लागली की चांगली चाळीस किलो फुलं खतात टाकता येत नाहीत.

नावांची थर्माकोलची अक्षरं आणि प्लास्टिकच्या चमकीचा फवारा सरळ नाही म्हणून लिहून टाका. स्वागताला फ्लेक्सऐवजी कापडी फलक किंवा रांगोळी. हळदीला पिवळ्या सजावटीचा नवा संच विकत घ्यायची नवी टूम निघालीय. घरातल्या पिवळ्या साड्या आणि ओढण्या बाहेर काढा, चार साड्यांत मागचा पडदा होतो.

## ७. पत्रिका, अक्षता, आहेर, रुखवत

पत्रिका देवापुढे, कुळाच्या मंडळींना आणि मोबाइल न वापरणाऱ्या वडीलधाऱ्यांना. पन्नास-साठ पुरतात, बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि वर एक फोन. फोन महत्त्वाचा, कारण त्यातच ‘किती जण येताय?’ विचारता येतं आणि वहीतला दुसरा रकाना भरतो. लॅमिनेशन, मखमल आणि सोनेरी वर्ख नको. पत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिकची फिल्मही २०२२ च्या बंदीत आहे. बियांच्या कागदाची पत्रिका मी सुचवत नाही. ती बहुतेक घरांत ड्रॉवरमध्येच उगवायची वाट बघत राहते.

अक्षता चिमूटभर म्हणजे साधारण दोन ग्रॅम. ५०० जणांना एक किलो पुरतात. बाजारी रंगाने लाल-पिवळा केलेला तांदूळ पक्ष्यांनाही घालता येत नाही, म्हणून हळद-कुंकवाच्या करा. ज्वारीच्या अक्षतांची रीत असेल तर तीच ठेवा. नुसत्या फुलांच्या पाकळ्या हव्या असतील तर आधी गुरुजींशी आणि आजीशी बोला, मुहूर्ताच्या क्षणी वाद नको.

आहेर. टॉवेल-टोपी आणि ब्लाउजपीस या घरातून त्या घरात फिरत राहतात, काही ब्लाउजपीस माझ्याकडे दुसऱ्यांदा आलेत. ‘आहेर आणू नये’ एवढं छापून भागत नाही, तुमच्याकडूनही देणं थांबायला हवं. मानपान टाळता येत नसेल तिथे वापरायची वस्तू द्या: खादीचा पंचा, गूळ, घरच्या शेतातली डाळ. परतभेटीच्या ‘कापडी’ दिसणाऱ्या स्वस्त पिशव्या नीट बघा. न विणलेल्या असतात त्या प्लास्टिकच्याच. धागा ओढून बघितला तर धागा निघतच नाही.

रोपं वाटायचीच असतील तर आधी विचारून, घेऊन जायला तयार असलेल्यांपुरती मागवा. एका लग्नात आम्ही २०० आणली होती. संध्याकाळी १३० कार्यालयाच्या कट्ट्यावर होती, काळ्या पिशव्यांसकट.

रुखवतात खाण्याचे आणि वापरायचे पदार्थ ठेवा. प्लास्टिकची बाहुला-बाहुली आणि चिकटवलेल्या काचा नकोत.

## ८. वऱ्हाड

गावाहून पन्नास माणसं यायची तर दहा-बारा गाड्या निघतात. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, आगारात आधी नोंदवा. गाडी सुटायची वेळ पत्रिकेवरच छापा, नाहीतर बस अर्धी रिकामी जाते आणि मागून चार गाड्या येतात. लांबच्या पाहुण्यांना रेल्वे धरून मुहूर्ताची वेळ कळवा. वरात कार्यालयापासून पायी, ढोल-ताशा किंवा सनई-चौघडा. रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक तसाही चालत नाही.

## ९. लग्नाचा दिवस: पिंपं आणि माणूस

चार पिंपं लागतात: उष्टं अन्न, पानं-पत्रावळी, फुलं, सुका कचरा. प्रत्येकावर मोठ्या मराठी अक्षरांत पाटी. पण पाटी वाचून कुणी टाकत नाही, म्हणून हात धुण्याच्या जागेआधी एक माणूस उभा करा. त्याने प्रत्येकाच्या हातून ताट घ्यायचं आणि स्वतः रिकामं करायचं. याची मजुरी पाचशे-हजार रुपये जास्त गेली तरी द्या. समोर माणूस उभा असला की लोक ताटात टाकतातही कमी. हा माझा ठाम अनुभव आहे.

वधूवरांच्या आईवडिलांवर यातलं काहीही सोपवू नका. एक मावशी, एक चुलतभाऊ, दोघांकडे केटररचा कागद आणि फोन नंबर.

सकाळी सातला तपासा: पेले आले का? टेम्पोत बाटल्यांचे खोके आहेत का? असतील तर उतरवण्याआधीच परत पाठवा. पिंपं जेवणाच्या जागेजवळ आहेत की मागच्या बोळात?

## १०. उरलेलं अन्न

लग्न चालू असताना स्वयंसेवी गटाला फोन करून उपयोग नसतो. रॉबिन हूड आर्मीसारख्या गटाशी किंवा जवळच्या वसतिगृहाशी आठवडाभर आधी बोला: किती वाजता येतील, डबे कोणाचे, किमान किती अन्न हवं. द्यायचं ते पातेल्यातलं, हात न लागलेलं. ताटातलं किंवा बुफेच्या भांड्यात तासन्‌तास उघडं राहिलेलं नको. शिजलेलं अन्न गरम ठेवलं नसेल तर दोन तासांत हलवा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. दही-खव्याचे पदार्थ आणि ओल्या नारळाची चटणी देऊ नका.

सावधान: ‘गाईला घाला’ हा सोपा मार्ग वाटतो. भात, पुऱ्या, जिलबी एकदम पोटात गेल्या की जनावराचं पोट फुगतं, आम्लता वाढून ते दगावूही शकतं. केळीची पानं चालतात, पण त्यात टाचणी किंवा प्लास्टिकचा तुकडा नाही हे पाहून. गोशाळेला द्यायचं तर आधी विचारा आणि थोडंथोडं द्या.

## ११. दुसऱ्या दिवशी

फुलं आणि पानं खड्ड्यात जाताना बारीक करून, वर माती किंवा शेणखत टाकून. जाड सुपारीच्या प्लेट तशाच टाकल्या तर महिनोन्‌महिने दिसत राहतात, त्या मोडून टाका. वहीत शेवटचा रकाना भरा: खरी पानं किती झाली, पुऱ्यांची कणीक किती परत गेली, जार किती उरले. घरात पुढचं लग्न धाकट्याचं असेल तर त्याच्या केटररपुढे हीच वही ठेवायची आहे.

डेकोरेटरची राहिलेली रक्कम त्याने सुतळी, टाचण्या, फोम गोळा करून नेल्यावरच द्या. केटररचीही पिंपं रिकामी झाल्यावर.